गोजरामावशीच्या हाताचा फोटो

“तोंडाचा नगं काढू गं. तोंडाचं काय करायचंय? हाताचा काढ.”

गोजरामावशीचा आवाज तसा जाडसर. ताकात रवी फिरते तेव्हा घुमतो ना, तसा. त्या दिवशी बुधवारचा बाजार होता, आणि ती आमच्या स्टुडिओच्या दारात उभी होती. लोण्याचं मडकं तिनं नेहमीसारखं वळचणीला ठेवलं होतं. आठ वर्षं ती तिथंच बसायची. पळसाच्या पानावर लोण्याचा गोळा ठेवायची, वर बोटानं खळी पाडायची, आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःशीच ओव्या म्हणायची. आठ वर्षांत ती पायरी चढून आत कधी आली नव्हती.

मी हसले. “मावशी, हाताचा फोटो कुणी काढतं का?”

“कोन काढत न्हाई म्हनून तर तुझ्याकडं आले.”

आतल्या टेबलावरून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मान वर केली. “गोजरे, हाताला पावडर लावू का थोडी?”

“लावा की. आन् काजळबी घाला. बोटाला डोळं फुटलं तर बघीन तरी तुमच्याकडं.”

अप्पा हसले. मीही हसले. मग तिनं डाव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. कोपराच्या वर पेरूएवढी गाठ होती. कातडी ताणून चकचकीत झालेली.

“सोमवारी कापत्यात,” ती म्हणाली. “कोल्हापूरचा डाक्टर म्हनला, हात ठेवला तर तू जाशील, तुला ऱ्हायचं तर हात जाईल. दत्त्या म्हनला, आये, तू ऱ्हा. म्हटलं बरं बाबा, ऱ्हाते.”

दत्तू तिचा थोरला मुलगा. धाकटी मुलगी सासरी. एवढं आम्हाला ठाऊक होतं.

अप्पा उठून तिच्याजवळ आले. “आत्ताच काढू. ये, आत बस. दिवे लावतो.”

“आत्ता नगं. असा रिकामा हात? शनवारी कासारीन येनार हाय. कोपरापातूर भरते की न्हाई बघा. घरधनी जित्ता हाय माझा, डाव्या हातानं काय पाप केलंय? मग घरला येऊन काढा.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “हिला पाठवा. तुमी नगं. तुमी लई वेळ लावताय.”

हे खरं होतं. अप्पा लई वेळ लावायचे. ते फिल्मच्या काळातले. माणसाला खुर्चीवर बसवून आधी त्याच्याशी चार गोष्टी बोलायचे, खिडकीचा पडदा वीतभर सरकवायचे, परत मागं घ्यायचे. मी मात्र त्या वर्षी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. अप्पांच्या रोलचा वेग शंभर, नाहीतर चारशे. एकदा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत तोच. माझ्या कॅमेऱ्यात तोच आकडा, त्याला आयएसओ म्हणायचं, बोटानं चढवता यायचा. आठशे, सोळाशे, बत्तीसशे. चढवला की अंधारातलं माणूसही दिसायचं.

शनिवारी निघताना अप्पा दारापर्यंत आले.

“तिच्या घरात उजेड नसणार, सुले. तिला दारात आणून बसव. स्टँड घे. शटर सावकाश ठेव, हात उशीवर ठेवायला सांग. आकडा चढवू नको.”

“अप्पा, अकराला साळवाडीला हळद आहे माझी. स्टँड बांधत बसू का स्कूटरला?”

“चढवलेल्या आकड्याचं कर्ज फोटोवर फिटतं, पोरी.”

“तुमची म्हणी सांगायची हौस फिटेना,” मी म्हणाले, आणि किक मारली.

मावशीचं घर ओढ्याच्या पलीकडं. माजघरात शिरले आणि क्षणभर काही दिसेना. एका कोपऱ्यात भाताची कणगी, वर एकच काचेचं कौल, आणि त्यातून पडलेला उजेडाचा चौकोन चुलीच्या भिंतीपाशी. मावशी घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप होता. डाव्या हातात मनगटापासून कोपराच्या चार बोटं अलीकडंपर्यंत हिरव्या बांगड्या, पहिल्या गर्भारपणातल्या ओटीला भरतात तशा. दंडावरची गाठ पदरानं झाकलेली.

“दिसतंय का तुला?” तिनं विचारलं. “उठून दारात बसू का? तिथं ऊन हाय.”

ती उठायलाही लागली. उजवा हात जमिनीला टेकला, ओठ दाताखाली धरला. मी घड्याळ पाहिलं. सव्वादहा.

“बसा मावशी, बसा. हा कॅमेरा अंधारात बघतो.”

“मांजरावानी?”

“मांजरापेक्षा जास्त.”

ती हसली आणि परत टेकली. “लई शानी झालीस. बघ बाई मग.”

पहिला फोटो फ्लॅश मारून काढला. काचेच्या बांगड्यांवर पांढरे लोळच उठले. फ्लॅश बंद केला, आकडा बत्तीसशेवर नेला. मावशीनं हात मांडीवर ठेवला. तळवा वर, हाताची आतली बाजू माझ्याकडं.

“उलटा करा ना हात. बांगड्या छान दिसतील.”

“न्हाई. असाच ऱ्हाऊ दे.”

“अहो, पण सगळी शोभा पलीकडच्या बाजूला...”

“असाच काढ म्हनते न्हवं मी.”

तिचा सूर असा आधी कधी ऐकला नव्हता. मी वाकले. शटर दाबलं. ती माझ्याकडं नाही, हाताकडं बघत होती, आणि बघता बघता हलक्या आवाजात म्हणू लागली,

*सोनं ऱ्हाईल पेटीत, लुगडं ऱ्हाईल दांडीला*
*गोंदलेला ठिपका बाई, येईल माझ्या जोडीला.*

ती ओवी म्हणत होती आणि मी मनात मिनिटं मोजत होते. चार फोटो काढले.

“झालं.”

“एवढ्यात? धा तरी काढ.”

“चांगले आलेत. हे बघा.” कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या आगपेटीएवढ्या चौकोनात हात स्वच्छ दिसत होता. तिनं डोळे बारीक केले, मान हलवली. तिला काही दिसलं असेल असं मला वाटत नाही.

मी पट्टा गळ्यात अडकवत होते तेव्हा तिनं विचारलं, “सुले, कापलेल्या हाताचं काय करत्यात गं? जाळत्यात का पुरत्यात?”

“काय विचारताय मावशी.”

“न्हाई, मानसाचं ठावं असतंय आपल्याला. हाताचं कोन सांगनार?”

मी बाहेर आले. स्कूटर चालू केली. साळवाडीला पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते.

रविवारी दुपारी मी मावशीचे फोटो संगणकावर उघडले. चारातले तीन हललेले. ते तिथल्या तिथं काढून टाकले. चौथा नीट होता, पण मोठा केला आणि माझं तोंड उतरलं. सगळ्या हातावर कण उठले होते. कुणी सूपभर नाचणी उधळावी तसे. तांबडे, निळे, काळे कण. बांगड्यांच्या काचेत, तळहाताच्या रेषांत, कातडीवर, मागच्या भिंतीवर. आकडा चढवल्याचं कर्ज.

पण त्यावर इलाज होता माझ्याकडं. कण घालवायचं नवं सॉफ्टवेअर. पट्टी उजवीकडं सरकवायची, बस्स. मी सरकवली. कण विरले, त्यांच्याबरोबर कातडीवरचे दोन पुसट डागही. आणखी सरकवली. हात मऊ झाला, उजळला, मावशीच्या लोण्यासारखा गुळगुळीत झाला. पन्नाशीच्या बाईचा हात पंचविशीचा दिसायला लागला. मला माझंच कौतुक वाटलं.

हाताच्या आतल्या बाजूला, बांगड्या संपतात तिथून कोपराकडं, दोन ठळक हिरवे ठिपके राहिले होते. ते गोंदण, हे मला कळलं. त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला, तसाच आणखी एक पुसट डाग होता. पट्टी शेवटपर्यंत नेली तरी तो जाईना. मी ब्रश घेतला, शेजारची स्वच्छ कातडी उचलली आणि त्यावर ठेवली. गेला.

त्याच नावानं फाईल जतन केली. वर्षाकाठी शंभर लग्नं, दोन-दोन प्रती कोण ठेवणार? सोमवारी साळवाडीचं लग्न होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून रिकामं केलं.

प्रिंट आली तेव्हा अप्पांनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली.

“गोजरेचा हात वाटत नाही हा.”

“का? किती स्वच्छ आलाय.”

“तेच म्हणतोय मी. मूळ आहे का?”

“नाही.”

अप्पा खिडकीपासून परत आले. प्रिंट पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

तीन आठवड्यांनी मावशी घरी आल्याचं कळलं. मी पाकीट घेऊन गेले. ती आज दारात बसली होती, उन्हात. चोळीची डावी बाही दुमडून टाके घातलेली. चेहरा वाळलेला, पण मला पाहून खुलला.

“आनलास? दे, दे.”

तिनं उजव्या हातानं फोटो धरला. डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला, उन्हाकडं तिरका केला. मग बोट लावून काही बघायला गेली, आणि थबकली. बोट लावायला दुसरा हातच नव्हता. ती स्वतःशीच “हां” म्हणाली, फोटो मांडीवर ठेवला आणि मग बोट फिरवू लागली. बांगड्यांवरून वर. एक. दोन. बोट वर सरकलं, थांबलं, खाली आलं. पुन्हा एक. दोन.

“सुले, ह्येच्यात दोनच हायेत.”

“काय दोन?”

“माझी पाच हायेत. दत्त्या आन् सुंदरी दिसत्यात. वरची तिघं कुठं गेली?”

मला अजून कळत नव्हतं. म्हणजे, कळू नये असं वाटत होतं. तिनं मग सांगितलं. आवाज न चढवता, जसं बाजारात लोण्याचा भाव सांगायची.

दत्तूच्या आधी तिला तीन मुलं झाली होती. पहिला मुलगा आठ दिवसांनी गेला. दुसरा पाचवीच्या दिवशी. तिसरी मुलगी अकराव्या दिवशी. बाराव्याला बारसं होणार, त्याच्या आदल्या दिवशी. तिघांनाही नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे हाक नाही, हाक नाही म्हणजे कुणाला आठवणही नाही. तेव्हा पहिल्याच्या वेळी जत्रेत गोंदणारीण आली होती, तिच्याकडून मावशीनं एक ठिपका गोंदून घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

“दत्त्या झाला तवा त्येचाबी घेतला. लगीच, धाव्या दिवशी. सासू म्हनली, अगं, जित्त्या लेकराचा कशाला? म्हटलं, यमाला वाटू दे, हे बी आपनच नेलेलं हाय. परत येनार न्हाई ह्या दाराला. तसंच सुंदरीचं.” ती जराशी हसली. “फसला बघ यम. पर वरची तिघं जुनी, तवा जरा फिकाट झाल्ती. माझ्या डोळ्यास्नी तेवढी दिसायची. हात जानार म्हनल्यावर जीव नुसता त्येंच्यासाठी तुटाय लागला. दुसरं काय हाय त्येंचं माझ्याजवळ?”

तिनं फोटो पुन्हा उन्हाला धरला.

“न्हाई गं दिसत. का न्हाई आली?”

मी तिच्या समोर उकिडवी बसले होते. ओढ्याचं पाणी वाजत होतं. मी म्हणाले, “मावशी, घरात अंधार होता ना. फिकट होते ते. कॅमेऱ्यात आलेच नाहीत.”

“आलीच न्हाईत?”

“नाही.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

ती फोटोकडं बघत राहिली.

“मी काढून देऊ का?” मी घाईनं म्हणाले. “संगणकावर. कुठं होते ते तुम्ही सांगा, हुबेहूब काढते. कुणाला कळणार नाही.”

“तू काढलेली ती तुझी व्हतील, बाय. माझी न्हाईत व्हायची.” आणि थोड्या वेळानं, “च्या घेतीस? आता एका हातानं करते. बघून जा कशी करते ती.”

तिनं चहा केला. मी प्याले. गोड होता.

कोल्हापूरला एका दुकानात पुसलेल्या कार्डावरचे फोटो परत काढून देतात असं ऐकलं होतं. तिथं गेले. त्या माणसानं कार्ड लावून पाहिलं. त्यावर साळवाडीची नवरी होती, तिचे मामा होते, जेवणाच्या पंगती होत्या. खाली काही उरलं नव्हतं.

अप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “तिला सांगितलंस?”

“अंधार होता म्हणून सांगितलं.”

“ऊन होतं म्हणाली होती ती, दारात,” अप्पा म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पाच वर्षांनी ते गेले, तेव्हाही नाही.

मावशी त्यानंतरही बुधवारी यायची. लोणी दत्तूची बायको काढायची, विकायला ही. एका हातानं पानावर गोळा ठेवायची, वर खळी पाडायची. माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची. “लगीन कर गं आता, दुसऱ्यांच्या नवऱ्याचं फोटू किती काढशील?” माझं लग्न झालं तेव्हा एक मडकं लोणी घेऊन आली. पण वळचणीला बसून ती ओव्या म्हणत नसे. मी दर बुधवारी काचेतून बघायची आणि दर वेळी ठरवायची, पुढच्या बुधवारी सांगू. नऊ वर्षांत किती बुधवार येतात?

तो बुधवार चैत्रातला. दुपारी बाजार मोडत आला होता. ती पायरी चढून आत आली. पायरी चढायची ही दुसरी वेळ, आत यायची पहिलीच. खुर्चीवर बसली, पदरानं घाम पुसला. फार खंगली होती. गाठ आता छातीत उतरली आहे असं दत्तू मला आदल्या आठवड्यात म्हणाला होता.

“सुले, माझं आवरत आलं गं आता.”

“असं काय बोलताय.”

“बोलू दे. तुला एक इचारायचंय. दुसऱ्या कुनाला इचारता येत न्हाई, तूच फोटू काढलावतास.” तिनं चोळीतून पाकीट काढलं. मऊ पडलेलं, कडा झिजलेल्या. फोटो तिनं माझ्या टेबलावर ठेवला. “ह्यो रोज बघते मी. नऊ वर्सं झाली. अंधार व्हता म्हनलीस तू. पर दत्त्या आन् सुंदरी आली की. त्याच अंधारात आली. मग मला कळालं.”

“काय कळलं?”

“ती रुसली माझ्यावर.”

मी काही म्हणणार तोच तिनं हात वर केला.

“तिसरीच्या येळंला मी अकराव्या दिशी बाजाराला गेल्ते. कुनाला सांगितलं न्हाई मी हे. घरात दानं नव्हतं. म्हटलं लोनी इकून बिगीनं येते. बारश्याला घुगऱ्या तरी पायजेत. निघताना ती रडत व्हती. पाजून निघायचं, तर एस्टी चुकंल म्हनून तशीच ठेवली. माघारी आले तर गप व्हती.” तिनं फोटोवरच्या गुळगुळीत हातावर बोट टेकवलं, दोन ठिपक्यांच्या वर, जिथं काही नव्हतं तिथं. “तिनंच त्या दोघास्नी सांगितलं आसंल. आईबरं फोटूत जाऊ नका म्हनून. माझं काय म्हननं न्हाई, रागाव म्हनावं. पर आता तिकडं जायाचं तर त्येंनी मला वळखायला पायजे. हात न्हाई ऱ्हायला. फोटूतबी आली न्हाईत. कशानं वळखतील गं मला?”

बाहेर कुणी टोपल्या एकात एक घालत होतं. मावशी माझ्याकडं बघत होती, उत्तरासाठी. टेबलाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती.

“मावशी, ती आली होती.”

“कोन?”

“तिन्ही. फोटोत आली होती. फिकट होती, पण आली होती. मला ती घाण वाटली. मी पुसली. तुम्ही ऊन आहे म्हणाला होतात, मला घाई होती. दोन लगेच गेली.” आता थांबता येत नव्हतं. “तिसरी जात नव्हती, मावशी. तिला मी माझ्या हातानं पुसलं.”